आई-बाबांची औषधं परदेशी नेताना: गोळ्या मधेच संपतात, नावं जुळत नाहीत, इन्सुलिन बिघडतं

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला पाच-सहा महिन्यांसाठी निघालेल्या आई-बाबांच्या औषधांचं दुखणं ठरलेलं असतं. चौथ्या महिन्यात बीपीची गोळी संपते आणि शुगरच्या गोळीची पाच पाकिटं उरलेली असतात. तिथलं औषधाचं दुकान भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेत नाही. स्ट्रिपवरचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नसतं. मग रात्री-अपरात्री भारतात फोन लागतो आणि ‘कुरिअर करतो’ असं ठरतं.

दरवेळी हेच होण्याची कारणं दोन. औषधं दिवस मोजून न घेता पाकिटं मोजून घेतली जातात, आणि ती ओळखू येतील असा कागद सोबत नसतो. पुढे अडचणी एकेक करून घेतल्या आहेत. उदाहरण अमेरिकेचं आहे, कारण लांब मुक्काम बहुधा तिथेच होतो. वाटेतल्या आखाती देशांचा भाग वेगळा दिला आहे, तो वगळू नका.

एक गोळी आधी संपते, दुसरी उरते

भारतात स्ट्रिप एका मापाची नसते. कुठली १० गोळ्यांची, कुठली १४ची, कुठली १५ची, मेटफॉर्मिनची तर २०चीही मिळते. थायरॉइडची बाटली १०० किंवा १२० गोळ्यांची असते. ‘सगळ्याच्या बारा-बारा स्ट्रिप द्या’ असं सांगितलं की १५च्या स्ट्रिपचे १८० दिवस होतात आणि १०च्या स्ट्रिपचे १२०. बीपीची गोळी चौथ्या महिन्यात संपते ती यामुळे.

हिशोब असा करा. मुक्कामाचे दिवस, प्रवासाचे दोन, आणि परतीचं तिकीट पुढे गेलं किंवा गोळी हातातून पडून हरवली तर म्हणून वरचे चौदा. मुक्काम १७० दिवसांचा असेल तर आकडा १८६. आता प्रत्येक औषधासाठी १८६ गुणिले रोजच्या गोळ्या, भागिले स्ट्रिपमधल्या गोळ्या, आणि अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक.

मेटफॉर्मिन दिवसाला दोन: ३७२ गोळ्या, १५च्या स्ट्रिप असतील तर २५. टेल्मिसार्टन दिवसाला एक: १५च्या १३ स्ट्रिप. ॲटोर्वास्टॅटिन रात्री एक: १०च्या १९ स्ट्रिप. थायरॉइड: १००च्या दोन बाटल्या. अर्धी गोळी घेणाऱ्यांनी मोडताना चुरा होणाऱ्या गोळ्यांसाठी एक स्ट्रिप जास्त धरावी. त्याहून बरं म्हणजे कमी पॉवरची पूर्ण गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारावं.

नवरा-बायको दोघांना एकच गोळी असते तेव्हा घोळ हमखास होतो. दोघांची औषधं एका बिलावर, एका पिशवीत येतात आणि महिन्याभरात कुणाची किती राहिली ते कळेनासं होतं. दोघांचा हिशोब, बिल आणि पिशवी वेगळी ठेवा.

दुकानात निदान दहा दिवस आधी यादी द्या. दोनशे गोळ्या एकदम कुठल्याच मेडिकलमध्ये तयार नसतात. आदल्या दिवशी गेलात तर निम्मी औषधं वेगळ्या कंपनीची येतील. रंग-आकार बदलला की आजी-आजोबा ‘ही माझी गोळी नाही’ म्हणून ती बाजूला ठेवतात, किंवा जुनी आणि नवी दोन्ही घेतात. घेताना प्रत्येक स्ट्रिपची एक्सपायरी बघा. ती परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिन्यांनी संपणारी हवी.

तीन महिन्यांची मर्यादा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार स्वतःच्या वापरासाठी सोबत न्यायचा साठा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त नसावा. त्याहून लांब राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला उरलेला साठा टपालाने किंवा कुरिअरने मागवता येतो, पण पाकिटात कागद लागतात: पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र, आणि इंग्रजीतली चिठ्ठी.

बरेच जण सहा महिन्यांचं सोबतच नेतात आणि बहुतेकांना कुणी अडवत नाही. तरी विमानतळावर निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो. नेणार असाल तर डॉक्टरांच्या पत्रात मुक्कामाच्या तारखा आणि एकूण गोळ्यांची संख्या असू द्या, परतीच्या तिकिटाची छापील प्रत सोबत ठेवा, आणि विचारलं तर खरा आकडा सांगा.

दोन भागांत करायचं ठरवलंत तर दुसरं पाकीट निघण्याआधीच तयार करा. औषधं मूळ खोक्यांत, बिल, आणि वरचे चारही कागद आत. ते घरातल्या एका माणसाकडे द्या आणि पाठवायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिला साठा संपायच्या पाच-सहा आठवडे आधीची तारीख धरा, कारण पाकीट तपासणीत अडकलं तर दिवस जातात. ‘मागून पाठवू’ म्हणून निघालेल्यांचं नडतं ते इथेच. गोळ्या संपल्यावर पाकीट निघतं, कागद नसतात म्हणून ते अडकतं, आणि आठ-दहा दिवस बीपीच्या गोळीविना जातात.

झोपेच्या, भीतीच्या आणि तीव्र दुखण्याच्या गोळ्या मात्र कुरिअरने कधीच पाठवू नका. त्या गरजेपुरत्या सोबत, चिठ्ठीसह न्या.

कापलेल्या स्ट्रिप आणि नुसत्या डब्या

चार गोळ्या हव्या म्हटलं की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो. त्यात कधी एक्सपायरीचा तुकडा जातो, कधी नाव, कधी बॅच नंबर. घरी ते चालतं. कस्टमच्या टेबलावर नाव नसलेला गोळ्यांचा तुकडा काय आहे हे सिद्ध करायला काही उरत नाही. प्रवासासाठी अखंड स्ट्रिपच घ्या. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, म्हणून बिलही त्या औषधाचाच भाग समजा.

जागा वाचवायला खोकी टाकून देण्याचा मोह होतो. प्रत्येक औषधाचं एक खोकं तरी ठेवा, बाकीची चपटी करून रबर लावून नेली तरी चालतील. आठवड्याच्या खणांच्या डबीत गोळ्या भरायच्या त्या मुक्कामी पोचल्यावर, आणि एका वेळी एकाच आठवड्याच्या.

काही गोळ्या त्या डबीतही घालायच्या नसतात. रक्त पातळ करणारं डॅबिगॅट्रान हवेतल्या ओलाव्याने खराब होतं, ते खायच्या वेळीच मूळ पॅकिंगमधून काढायचं. फिटसाठीचं सोडियम व्हॅल्प्रोएटही ओलावा ओढतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या त्यांच्या काचेच्या बाटलीतच राहू द्या. थायरॉइडच्या गोळीला ऊन, उष्णता, दमट हवा काहीच सोसत नाही. तिची बाटली घट्ट बंद ठेवा आणि बाथरूमच्या कपाटात ठेवू नका.

डॉक्टरांचं पत्र कसं हवं

रोजच्या केस पेपरवर ‘टॅब अमुक १-०-१’ असं लिहिलेलं असतं. ते आपल्या मेडिकलवाल्याला कळतं, परक्या देशातल्या अधिकाऱ्याला नाही. पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, शक्यतो टाइप केलेलं हवं. त्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव, आजार, प्रत्येक औषधाचं घटकनाव, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाचं नाव (ब्रँड कंसात), पॉवर, दिवसातून किती वेळा, एकूण किती दिवसांसाठी, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, दूरध्वनी.

नावावर थोडा वेळ द्या. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं, चिठ्ठीवर मात्र नुसतं ‘मिसेस’ आणि आडनाव. काही बायकांचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असतो आणि डॉक्टरांकडची फाइल सासरच्या. औषध तुमचंच आहे हे दाखवायचं तर दोन्ही कागदांवर एकच नाव लागतं. पत्राच्या तीन प्रती करा: एक औषधांच्या पाऊचमध्ये, एक पासपोर्टसोबत, एक फोनमध्ये फोटो म्हणून.

तिथे हे नाव कुणी ओळखत नाही

ब्रँड नावं तर बदलतातच. घटकांचीही दोन-दोन नावं आहेत. आपलं पॅरासिटॅमॉल अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल ‘अल्ब्युटेरॉल’. शुगरचं ग्लिबेनक्लॅमाइड ‘ग्लायब्युराइड’. ॲड्रिनॅलिन ‘एपिनेफ्रिन’. पत्रात जमलं तर ही दोन्ही नावं लिहून घ्या. यातलं पॅरासिटॅमॉल सगळ्यात धोक्याचं आहे. तिकडच्या सर्दी-तापाच्या बहुतेक मिश्र औषधांत ॲसिटामिनोफेन असतं. आजी स्वतःची तापाची गोळी घेतात, सूनबाई वरून सर्दीचं औषध देते, आणि नकळत दुप्पट डोस लिव्हरवर जातो.

काही औषधं तिथे मिळतच नाहीत, आणि आपल्याकडे ती घरोघरी चालू असतात. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि व्होग्लिबोज ही शुगरची. सिल्निडिपिन बीपीचं, निकोरँडिल हृदयाचं, एटोरिकॉक्सिब आणि ॲसिक्लोफेनॅक सांधेदुखीची. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये असणाऱ्या डॉम्पेरिडोनलाही अमेरिकेत मान्यता नाही. यातलं एखादं चालू असेल तर ‘संपलं तर तिथे घेऊ’ हा पर्याय उरत नाही. निघण्याआधीच डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या: हे संपलं किंवा हरवलं तर तिथे मिळणारं कुठलं औषध, किती. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीतल्या प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅमही वेगळे लिहून घ्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना सुट्या गोळ्या देता येतील.

पॉवरही जुळेलच असं नाही. हृदयासाठी आपल्याकडे ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅमची मिळते, अमेरिकेत लहान गोळी ८१ची असते.

औषध संपलंच तर तिथल्या परवानाधारक डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यावी लागते, अर्जंट केअरमध्ये (आधी वेळ न घेता जाता येणारा दवाखाना) किंवा व्हिडिओ कॉलवर. डॉक्टरांच्या फीला पैसे लागतात, मेटफॉर्मिनसारखी जुनी जेनेरिक औषधं मात्र मोठ्या दुकानांत विम्याशिवायही थोडक्या डॉलरांत मिळतात. तेव्हा अशा गोळ्यांचा घोर फार करू नका. जीव गुंतवायचा तो वरच्या न मिळणाऱ्या यादीत.

इन्सुलिन

यात चूक झाली तर ती लगेच दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

आधी संख्या. इन्सुलिन पेनमधली काट्रिज (औषधाची नळी) ३ मिलीची, १०० युनिट प्रति मिली, म्हणजे ३०० युनिटांची. सकाळ-संध्याकाळ १३-१३ युनिट घेणाऱ्याला दिवसाला २६ लागतात. पण दर वेळी टोचण्याआधी सुईतून २ युनिट हवेत सोडायचे असतात, ते धरून ३०. म्हणजे एक काट्रिज दहा दिवस. १८६ दिवसांना १९ लागतील, एक जास्तीची धरून २०, म्हणजे पाचच्या पॅकची चार खोकी. सुया दिवसाला दोन. हवेत सोडायचे युनिट हिशोबात न धरल्यामुळे इन्सुलिन तीन-चार आठवडे आधी संपतं.

बाटलीतून सिरिंजने घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. भारतात मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेतली बाटली १०० युनिट प्रति मिलीची, तिची सिरिंज केशरी टोपणाची. तिकडची बाटली घेऊन इकडच्या लाल सिरिंजमध्ये २० युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली औषध येतं, पण त्यात ५० युनिट असतात. अडीच पट डोस. रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरते. तिथे बाटली घ्यायची वेळ आली तर सिरिंजही तिथलीच घ्या आणि लाल टोपणाच्या सिरिंज घरातून काढून टाका. परत भारतात आल्यावर हीच काळजी उलट्या दिशेने. शक्य असेल तर प्रवासाच्या दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून पेनवर जा. पेन दोन्हीकडे बहुधा १०० युनिटचंच असतं.

आता थंडावा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचं, अमेरिकेतल्या फ्रिजच्या भाषेत ३६ ते ४६ अंश फॅरनहाइट. वापरात असलेलं पेन ३० अंशांखाली बाहेर राहू शकतं. बहुतेक प्रकार २८ दिवस टिकतात, काही त्याहून जास्त. आपल्या प्रकाराचे दिवस खोक्यातल्या कागदावर बघा आणि पेनवर उघडल्याची तारीख लिहा. म्हणजे घरापासून घरापर्यंतचे तीस तास बाहेर राहिल्याने इन्सुलिन वाया जात नाही. बिघडतं ते दोन गोष्टींनी: उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तापलं तर, आणि गोठलं तर.

गोठणं जास्त वेळा होतं. लोक फ्रीझरमधला बर्फाचा पॅक थेट पेनला चिकटवून ठेवतात, किंवा इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकतात आणि ते विमानाच्या पोटातल्या थंडीत गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नाही. दुधाळ मिश्र इन्सुलिन हातात घोळवल्यावरही गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर पांढरा थर दिसला, अथवा स्वच्छ असायला हवं ते गढूळ दिसलं, तर ते टाका.

रुंद तोंडाचा लहान थर्मास चांगला चालतो. निघण्याआधी त्यात अर्धा तास गार पाणी ठेवा, ओतून कोरडा पुसा. पेनं खोक्यासह प्लॅस्टिक पिशवीत घाला, भोवती सुती कापड गुंडाळा, आणि बाजूला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गार केलेला जेल पॅक ठेवा. फ्रीझरमधला पॅक नको. पाण्यात भिजवून वापरायचे गारव्याचे पाऊचही मिळतात, पण ते बाष्पीभवनावर चालतात. नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत ते उत्तम काम करतात, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कमी पडतात.

विमानातल्या फ्रिजमध्ये ठेवून मिळेल हे गृहीत धरू नका. मुक्कामी पोचल्यावर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून किंवा फ्रीझरच्या झडपेखाली नको. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी मात्र फ्रिजबाहेर, घट्ट बंद. इंग्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात नवा मीटर घेतलात तर त्याचे आकडे वेगळ्या एककात येतात. तिथला ७ म्हणजे आपला १२६, अठराने गुणायचं.

दुबई, अबुधाबी, दोहामार्गे जाताना

स्ट्रिपवर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ (NRx) छापलंय का बघा. भारतात अमली आणि मनोप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येणाऱ्या औषधांवर ही खूण असते: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, आणि २०१८पासून ट्रामाडॉलही. डॉक्टरांनी झोपेसाठी किंवा कंबरदुखीसाठी सहज लिहून दिलेली ही गोळी आखाती देशांत फार गंभीर बाब आहे. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं न्यायला आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. प्रीगाबालिन आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नियंत्रित यादीत आहे. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन घेणारे मधुमेही आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी हे जरूर तपासावं. विमान बदलताना सामान तपासलं जातं, आणि ‘एक रात्र दुबई बघू’ म्हणून बाहेर पडलात तर तुम्ही त्या देशात प्रवेशच केलेला असतो. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून थेट विमान किंवा युरोपमार्गे तिकीट घेणं आम्हाला जास्त बरं वाटतं.

औषध नसलं तरी इथेच सांगायला हवं: खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. फराळाच्या डब्यातले अनारसे, खसखस घातलेला मसाला, सुकं वाटण, यातलं काहीही आखातमार्गे नेऊ नका.

जपानला नेहमीची चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापर्यंत विनापरवाना नेता येतात, त्याहून जास्तीला आधी प्रमाणपत्र लागतं. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांची मर्यादा आहे आणि उतरताना फॉर्मवर औषधं जाहीर करायची असतात.

कुठल्या बॅगेत काय

इन्सुलिन सगळं हातातल्या सामानात. बाकी प्रत्येक औषधाचा निदान १५ दिवसांचा साठा हातातल्या सामानात आणि उरलेला दोन वेगवेगळ्या चेक-इन बॅगांत विभागून, म्हणजे एक बॅग हरवली तरी सगळं जात नाही. पण ‘हातातलं सामान’ म्हणजे चाकांची केबिन बॅग नव्हे. विमान भरलेलं असलं की दारातच ती बॅग काढून खाली पाठवतात, आणि गडबडीत औषधं तिच्यासोबत जातात. औषधांसाठी सीटखाली मावेल असा वेगळा पाऊच करा आणि तो खांद्यावर ठेवा.

हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत पातळ पदार्थ नेता येत नाही, या नियमातून पातळ औषधाला सूट मिळते, पण तपासणीत ते स्वतःहून बाहेर काढून दाखवावं लागतं. सुया आणि पेन चिठ्ठीसोबत एकाच पारदर्शक पिशवीत ठेवा. चूर्णं कागदी पुडीत नेऊ नका, कंपनीचं सीलबंद पॅकिंग हवं आणि ते चेक-इनमध्ये. होमिओपॅथीच्या साबुदाण्याच्या बाटलीवर औषधाचं नाव चिकटवून घ्या.

घड्याळ बदलतं तेव्हा

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, कॅलिफोर्निया साडेबारा. हिवाळ्यात एकेक तास वाढतो. चूक होते ती विमानात: मुंबईच्या घड्याळाने सकाळची गोळी घेतली जाते, उतरल्यावर पुन्हा सकाळ असते आणि तीच गोळी परत. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी अशी दुप्पट व्हायला नको. प्रवासाच्या दोन दिवसांचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि गोळी घेतली की त्यावर खूण करा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घड्याळाकडे बघून नाही, जेवणाचं ताट समोर आल्यावर घ्यायची. दिवसातून एकदा घ्यायच्या इन्सुलिनची वेळ किती सरकवायची ते मात्र डॉक्टरांनीच ठरवावं.

पोचल्यावर दीड महिन्याने सगळी औषधं टेबलावर काढून पुन्हा मोजा. उरलेल्या गोळ्या भागिले रोजच्या गोळ्या, आणि शेजारी परतीपर्यंतचे दिवस. गोळ्या कमी भरल्या तर पाकीट मागवायला अजून वेळ हातात आहे. जास्त भरल्या तर कुठला तरी डोस चुकतोय. बहुधा रात्रीचा, कारण तिथे जेवण लवकर होतं आणि झोपायच्या वेळची गोळी राहून जाते.